चार बोटं

अलका बोळात अडकली ती गुरुवारी दुपारी, बिंगोला निघाली होती तेव्हा. एका अंगाला तिच्या स्वतःच्या घराची विटांची भिंत, दुसऱ्या अंगाला धाकट्या भावाच्या घराची नवीकोरी लाकडी भिंत, आणि मधे तिची इलेक्ट्रिक खुर्ची, बाटलीत बूच बसावं तशी गच्च. पुढे जाईना, मागे येईना. जॉयस्टिक रेटली तर मोटर नुसती गुरगुरली आणि चाकांखालून रबर जळल्याचा वास आला. मग तिनं उजव्या हाताची मूठ आवळली, कारण डाव्या हाताची आवळायची सोय आजारानं ठेवली नव्हती, आणि भावाच्या त्या देखण्या फळीवर हाणली. एकदा हाणून भागलं नाही. पेरांवरची सालं निघेपर्यंत ती हाणत राहिली.

आकडे खोडत बसायच्या त्या बिंगोसाठी एवढं, असं कुणी म्हणेल. म्हणू देत. ज्याला रोज आपल्या पायांनी दारापर्यंत जाता येतं, त्यानं या बाबतीत तोंड उघडू नये. अलका वीस वर्षं इंग्लंडातल्या स्लाऊ गावच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढत होती; निम्म्या गावाची हाडं तिनं पाहिलेली. मग मल्टिपल स्क्लेरोसिसनं आधी तिचे पाय नेले आणि मागाहून डावा हात. कित्येक वर्षं ती "मला जरा नेता का" म्हणत जगली. नेतो, मॅच संपू दे. नेतो, पाऊस थांबू दे. २००६च्या वसंतात ही खुर्ची आली आणि दर गुरुवारी अलका कुणालाही न विचारता एकटी बाहेर पडू लागली. बिंगो हॉलमधे तिच्या शेजारी पॉलीन नावाची बाई बसे, चिप्स खाई आणि हिला 'लव्ह' म्हणून हाक मारी. तिथे ती डॉक्टरांची मिसेस नव्हती आणि कुणाची पेशंटही नव्हती. बाकीचा आठवडा ती त्या एका दुपारच्या जोरावर ढकलायची.

मग पुढचं दार काय झोपलं होतं? दार होतं, पण त्याला तीन पायऱ्या, आणि खुर्ची इतकी जड की दोन धट्टेकट्टे पुरुषही ती उचलू शकत नव्हते. कौन्सिलची बाई येऊन पाहून गेली होती, पुढे रॅम्प बांधून देतो म्हणाली होती. अलकाचा नवरा चंद्रशेखर, डोळ्यांचा कन्सल्टंट, नुकताच रिटायर झालेला. त्यानं त्या बाईला चहा दिला, बिस्किटं दिली आणि वाटेला लावलं. "माझ्या घराच्या तोंडावर अपंगाची पाटी नको," तो म्हणाला. "शेजारून बोळ आहे ना? मागच्या दारानं निघायचं, बोळातून सरळ रस्त्यावर." कचऱ्याचे बिन जिथून जातात तिथून बायको जाईल, असा तो साधा विचार. अलकानं तेव्हा मान डोलावली, कारण चंद्रशेखरला नाही म्हटलं की घरात काहीतरी फुटतं. ग्लास फुटत, बशा फुटत, एकदा रिमोट खिडकीची काच फोडून बागेत गेला होता. "बायकोवर मात्र मी कधी हात उचलला नाही," असं तो चारचौघांत सांगे. जसं काही त्याबद्दल राणीनं बोलावून मेडल द्यायचं राहिलं होतं.

शेजारचं घर शशीचं, अलकाच्या पाठच्या भावाचं. बहिणीच्या शेजारी राहता येईल म्हणून त्यानं हौसेनं घेतलेलं. घर जुनं, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. बोळाकडची भिंत कुजक्या लाकडी फळ्यांची आणि आत नुसतं वारं. हिवाळ्यात बेडरूमला काळी बुरशी धरे आणि शशीची बायको नीना खोकून खोकून अर्धी होई. तेव्हा त्याचीही गरज काही खोटी नव्हती. सप्टेंबरात एका रविवारी तो पोहे खायला आला आणि त्यानं विषय काढला.

"भाऊजी, बोळाकडच्या जुन्या फळ्या काढतो. मागे इन्सुलेशन घालतो आणि वरून नव्या फळ्या मारतो. थोडं तुमच्याकडे सरकेल."

"थोडं म्हणजे किती?"

शशीनं आपला पंजा आडवा धरून दाखवला. "चार बोटं."

चंद्रशेखरनंही पंजा आडवा धरून पाहिला. "चार बोटं ना? घे."

झालं, ठरलं. शेजारी एखादा इंग्रज असता तर टेप निघाली असती, ड्रॉइंग झालं असतं, सॉलिसिटरचं पत्र आलं असतं. पण मेहुण्यांत टेप लावायची म्हणजे तुझ्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगण्यासारखं. दोघांनी हातावर मोजलं आणि पोह्यांवर लिंबू पिळलं. अलकानं मात्र त्याच दुपारी खुर्ची बोळात नेऊन दोन्हीकडची जागा नीट पाहून घेतली. चार बोटं गेली तरी ती निघत होती, जेमतेम का होईना.

"शशी, चार बोटांच्या वर नको रे," ती म्हणाली. "नाहीतर मी घरात कोंडले जाईन."

"ताई, तुला कोंडेन का मी?" शशी म्हणाला, आणि त्याच्या मनात खरोखरच तसं काही नव्हतं.

काम सुरू झालं. शशी आणि मारेक नावाचा एक पोलिश सुतार. बोळात स्कॅफोल्डिंग, म्हणजे परांची, उभी राहिली, आणि तेवढे दिवस अलकाची वाट बंदच. ती किचनच्या खिडकीतून बघत बसे. जुन्या फळ्या निघाल्या, इन्सुलेशनच्या पिवळट लाद्या लागल्या, दगडाची लोकर म्हणतात ती. तिनं खिडकीतून पाहून अंदाज घेतला, चार बोटंच जाड दिसत होत्या, तिचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर काय काय लागलं तिकडे तिनं लक्ष दिलं नाही. घरातल्या घरात ती फक्त गुरुवार येताना आणि जाताना बघत होती.

स्कॅफोल्डिंग उतरलं, शशीच्या पुढच्या बागेत त्याच्या फळकुटांची चळत लागली, आणि त्या गुरुवारी ती लिपस्टिक लावून निघाली. जुनी घरं, कुठली भिंत ओळंब्यात असणार? बोळ मागे रुंद आणि पुढे जाता जाता निमुळता. मध्यावर गेली आणि तिथंच अडकली.

तिची हाक ऐकून चंद्रशेखर आला. काय झालंय ते न विचारता त्यानं खुर्चीची मूठ मागून धरली, भिंतीला पाय लावला आणि सगळा जीव एकवटून ओढलं. "अहो, थांबा, हात," असं ती म्हणेपर्यंत खुर्ची सुटलीसुद्धा. अलकाचा डावा हात खुर्ची आणि भिंतीच्या मधे होता. त्या हाताला जाणीव नाही, त्यामुळे दुखलं काहीच नाही. मनगटापासून बोटांपर्यंतची कातडी सोलून लोंबत होती आणि मांडीवरच्या चांगल्या पँटवर रक्त सांडत होतं, ते तिनं दुसऱ्या कुणाचं असावं तसं पाहिलं. चंद्रशेखरच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यानं तिचा हात टॉवेलात गुंडाळला आणि तो तसाच शशीच्या दारात गेला. मागोमाग अलकाही बोळाच्या मागच्या तोंडाशी गेली, तिथून सगळं ऐकू येत होतं.

"चार बोटं म्हणालास."

"चार बोटंच आहे. मोजून घ्या. इन्सुलेशन चार बोटं."

"आणि ह्या फळ्या?"

"फळ्या काय हवेत ठोकू? आधी कागद लागतो, मग उभ्या पट्ट्या. पट्ट्यांमधे हवा खेळायला जागा सोडावी लागते, नाहीतर आतल्या आत सगळं कुजतं. मग फळ्या. आत चार बोटं म्हणजे बाहेर सात-आठ होणारच, भाऊजी. हे कुणालाही कळतं."

"मला नाही कळलं."

"मग विचारायचंत."

"आणि चार बोटं कुणाची? हा पंजा बघ तुझा, फावडं आहे फावडं. तुझी चार म्हणजे माझी सहा."

एरवी यावर दोघं पोट धरून हसले असते. आज चंद्रशेखरच्या शर्टावर अलकाचं रक्त होतं. ते दिसलं तसा शशी नरमला. "ताईला लागलं? सॉरी, भाऊजी. चुकलं माझं, नीट सांगायला हवं होतं. असं करू, तुमच्या पुढच्या दाराला रॅम्प करू. मी आणि मारेक दोन दिवसांत करून देतो. सामान पडलंच आहे."

इथं भांडण मिटायला हवं होतं. माणसात थोडी जरी अक्कल असती तर मिटलंही असतं. पण चंद्रशेखरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या नेमक्या इथंच.

"माझ्या घराचं तोंड कसं असावं हे तू ठरवणार? तुला ह्या देशात आणला कुणी?"

"तुम्ही आणलंत. आणि त्या दिवसापासून रोज ऐकवलंत."

चंद्रशेखरनं त्याची कॉलर धरली. नीना खोकत खोकत मधे पडली म्हणून तेवढ्यावर निभावलं. "उद्या सकाळपर्यंत फळ्या उतरव," चंद्रशेखर म्हणाला, "नाहीतर मी उतरवतो."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. अलकाला दोघांचाही राग आला, पण भावाचा राग वितळत होता. जेवताना तिनं धीर केला.

"अहो, शशी म्हणतो तसा पुढे रॅम्प करूया ना. मला कुठूनही चालेल. मला बाहेर पडायचंय फक्त."

भाताचं पातेलं तिच्या डोक्यावरून गेलं आणि भिंतीवर आपटलं. "तूही त्याच्याच बाजूची? तुझ्यासाठीच भांडतोय ना मी?" केसांतली शितं काढताना अलकाला लख्ख कळलं की हा माणूस तिच्यासाठी भांडत नाहीये. तिचा हात सोलला गेला याचं त्याला वाईट वाटलं असेलही, पण त्याचं खरं दुःख म्हणजे कुणीतरी त्याची चार बोटं जागा जास्त खाल्ली. ती आत जन्मभर राहिली असती तरी चाललं असतं; जागा परत मिळायला हवी होती.

सकाळी तिला जाग आली ती लाकूड फाटल्याच्या आवाजानं. चंद्रशेखर गराजमधली पहार घेऊन बोळात मागच्या बाजूनं शिरला होता. फळीखाली टोक घालायचं, अंगाचा भार टाकायचा, आणि फळी कडाडून मोडायची. एक झाली, दुसरी झाली. पट्ट्या निघाल्या, काळा कागद फाटून लोंबला. मग त्यानं हातांनीच लाद्या ओरबाडायला सुरुवात केली. पिवळी लोकर बोळभर उडाली, त्याच्या केसांत, भुवयांत, घामानं चिकटलेल्या मानेवर. साठी उलटलेला माणूस, पण असा भिडला होता जणू भिंतीच्या आत कुणी लपलंय आणि त्याला बाहेर खेचायचंय.

अलका खुर्चीत बसून मागच्या दाराशी पोचली तेव्हा शशी पुढच्या बाजूनं हातोडा घेऊन धावत आला होता. "भाऊजी, सोडा ती पहार," तो म्हणाला. चंद्रशेखरनं सोडली नाही, फिरवली. बोळात फिरवायला जागा कुठली? पहार विटांवर आपटून उलटी आली आणि शशीच्या कानावर बसली. कान फाटला. शशीनं हातोडा टाकून दिला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं, आणि नुसत्या हातांनी मेहुण्याच्या गळ्याला धरलं. मग शब्द संपले. दोघं एकमेकांना भिंतींवर आपटत राहिले, या भिंतीवर आणि त्या भिंतीवर. जागा इतकी कमी की ठोसा मारता येत नव्हता, म्हणून ते डोक्यांनी हाणत होते, गुडघ्यांनी हाणत होते. चंद्रशेखरनं शशीच्या खांद्याचा लचका तोडला. शशीनं त्याचं नाक विटांवर घासलं. तीस वर्षांचे आभार आणि तीस वर्षांचे टोमणे तिथं रक्तानं फिटत होते.

"पुरे," अलका म्हणाली. मग ओरडली. मग किंचाळली. नीना पुढून फोनवर ॲम्ब्युलन्स मागत होती. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि मग शशी खाली पडला, पाठीवर, आणि चंद्रशेखर त्याच्या छातीवर बसला. त्यानं डाव्या हातानं मेहुण्याचं डोकं जमिनीवर दाबलं आणि उजवा अंगठा त्याच्या डोळ्याच्या कडेला टेकवला.

तो अंगठा अलकानं पाहिला. आयुष्यभर डोळे दुरुस्त केलेला तो हात. कुठे, किती दाबलं की डोळा जातो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तो दाबत होता. संतापानं नाही, अगदी थंडपणे, ऑपरेशनला बसावा तसा. शशीच्या घशातून निघालेला आवाज तिनं तो पाळण्यात असतानाही ऐकला नव्हता.

खुर्चीच्या वेगाच्या बटणावर एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा काढलेला असतो. अलका नेहमी कासवावर चालवायची. तिनं बटण सशावर नेलं आणि जॉयस्टिक पूर्ण पुढे ढकलली.

फळ्या उखडल्यामुळे बोळ तेवढ्यापुरता रुंद झाला होता. खुर्ची लोकरीतून सुसाट गेली आणि तिचं लोखंडी पायदान चंद्रशेखरच्या बरगडीत शिरलं. तो शशीवरून उडून विटांच्या भिंतीवर आदळला आणि कुशीवर पडला. पाय पसरलेले. शशी डोळा झाकून पुढच्या बाजूला सरपटत गेला. मग त्यानं हात बाजूला केला; डोळा वाचला होता, ते तिनं पाहिलं. म्हणजे काम झालं होतं, आता थांबायला हरकत नव्हती.

"वेडी झालीस का? बाजूला हो," चंद्रशेखर म्हणाला. "मागे घे ती खुर्ची. घरात जा."

अलकानं खुर्ची मागे घेतली. हातभर मागे घेतली आणि पुन्हा पुढे घातली. नडगीचं हाड कुठे आणि कसं मोडलं हे तिला आवाजावरूनच कळलं, तसल्या हाडांचे फोटो तिनं हजारोंनी उजेडाच्या काचेवर लावून पाहिले होते. पहिली धडक भावाच्या डोळ्यासाठी होती. ही दुसरी तिची स्वतःची.

चंद्रशेखर ओरडायचं विसरला. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि तिला त्याची दया आली, खूप आली, पण राग तसूभरही कमी झाला नाही. ती मागे मागे येत बोळाबाहेर निघाली, किचनमधून, हॉलमधून पुढच्या दाराशी गेली, दार उघडलं आणि उंबऱ्यावर थांबली. समोर त्या तीन पायऱ्या.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी चंद्रशेखरला बोळातून पुढे आणलं. तेही मोठ्या कष्टानं, स्ट्रेचर तिरपं करून. रस्त्यावर शेजारीपाजारी उभे होते. ज्या तोंडाला पाटी नको होती, त्याच तोंडासमोर डॉक्टरसाहेब रक्तानं माखून, लोकरीनं भरून, आडवे पडले होते. ॲम्ब्युलन्समधल्या पोरसवदा बाईनं काय झालं म्हणून विचारलं.

"आय स्लिप्ड," चंद्रशेखर म्हणाला. "बोळ निसरडा आहे."

त्यानं बायकोला वाचवायला खोटं सांगितलं असेल, असं कुणी म्हणेल. अलकाला क्षणभर तसंच वाटलं. पण मग तिला दिसलं की ही घटनाही तो हळूच उचलून घराच्या मागच्या बाजूला नेतोय, लोकांना दिसू नये म्हणून.

"नो," ती वरून म्हणाली. "आय हिट हिम. विथ द चेअर. ट्वाइस."

बाईनं वर पाहिलं. चंद्रशेखर घाईघाईनं म्हणाला, "शी इज अनवेल. तिला गोंधळायला होतं, आजारामुळे. तिचं मनावर घेऊ नका."

संपलं. तीस-बत्तीस वर्षांत जे थोडंफार उरलं होतं, ते तेवढ्या वाक्यात संपलं.

शशी कानाला टॉवेल दाबून स्वतःच्या फाटकात बसला होता. "शशी," अलका म्हणाली, "ती स्कॅफोल्डिंगची फळकुटं आण. पायऱ्यांवर टाक."

"आत्ता? ताई, तुझा हात बघ, माझा कान बघ."

"आत्ता."

तो उठला. मारेक नव्हता, म्हणून नीनानं दुसरं टोक धरलं. जाड, सिमेंट लागलेली फळकुटं त्यांनी एकेक करून उंबऱ्यापासून खालच्या वाटेपर्यंत टाकली, दोन-दोन एकावर एक, आणि शशी खाली बसून ती सरकू नयेत म्हणून गुडघ्यानं दाबून राहिला. त्याच्या कानातून रक्त ठिबकत होतं. अलकानं बटण कासवावर आणलं. पुढची चाकं फळकुटावर आली तशी लाकडं करकरली आणि दाबली गेली, पण धरून राहिली.

"पोलीस आले तर त्यांना चहा दे," ती शशीला म्हणाली. "म्हणावं, येतेय. सगळं सांगते."

स्ट्रेचर गाडीत चढत होतं. चंद्रशेखरनं मान उचलली. आवाज चिरका झाला होता, पण हुकूम तोच होता. "अलका, कुठे चाललीस?"

"बाहेर," अलका म्हणाली.

त्यानं पुन्हा हाक मारली, मग आणखी एकदा. तिनं मान वळवली नाही, कारण मान वळवली की खुर्ची वाकडी जाते, आणि फळकुटं अरुंद होती.